रंग कोणी द्यायचा

घरमालक दोनदाच गोड बोलतो, घर देताना आणि घर परत मागताना. मधल्या काळात तो नुसता घरमालक असतो. कांचन लोणारेला हे अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी मुरलीधरजी ठेंगणे आत आले आणि चक्क "चहा झाला का, कांचनबाई?" म्हणाले, तेव्हाच ती सावध झाली.

आत आले ते नेहमीसारखेच, म्हणजे न विचारता आणि चपलांसकट. अकरा वर्षं ते असेच येत होते. नळ फिरवून बघायचे, मोरीत डोकवायचे, भिंतीवर नवा खिळा दिसला की तो आपल्याच छातीत ठोकल्यासारखा चेहरा करायचे. बांधकाम खात्यात आयुष्य काढलेला माणूस. एकदा कांचननं सरळ सांगून पाहिलं होतं, "काकाजी, दाराले कडी आहे. वाजवत जा जी." त्यावर ते मनापासून हसले होते. "स्वतःच्या घराची कडी कोणी वाजवते का?"

आज ते नळाकडे गेले नाहीत. बैठकीतल्या भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. भिंत राखाडी, मधेच हिरवट झाक असलेली आणि हाताला माठासारखी गार होती. देवानंद, कांचनचा नवरा, पलंगावर मोहाच्या पत्रावळी टाचत बसला होता. त्यानं हातातली काडी खाली ठेवली.

"घर पाहिजे होतं," ठेंगणे म्हणाले.

"कोणाले?"

"आम्हालेच. अन्वीसाठी."

अन्वी त्यांची नात, सात वर्षांची. चंद्रपुरात जन्मलेल्या निम्म्या लेकरांसारखी तिची छातीही वाजायची, पण तिची जरा जास्तच. शाळेपेक्षा दवाखान्यात ओळखी जास्त. तिचं नाव निघालं की कोणी वाद घालायचं नाही, असा त्यांच्या वस्तीतला, सुरभी लेआउटमधला, अलिखित नियम होता.

"महिनाभरात मोकळं करा," ते म्हणाले. "अन् एक. भिंतीले हात लावू नका. आहे तशी पाहिजे."

ते गेल्यावर कांचन भिंतीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं. अकरा वर्षं ज्या भिंतीवरून तिचं आणि काकाजींचं वाजलं, तीच भिंत त्यांना आता जशीच्या तशी हवी होती.

वाजलं होतं ते रंगावरून. लोणारे राहायला आले त्याच वर्षी महापालिकेनं वस्तीतल्या घरांना आतून श्वासगिलावा, म्हणजे हवा गाळणारा गिलावा, मारून दिला होता. दिवाळी आली तशी कांचननं विचारलं, रंग कधी देता. काकाजी म्हणाले, राहता तुम्ही, रंग तुम्ही द्या. कांचन म्हणाली, भिंत तुमची, रंग तुमचा. ते म्हणाले, धूर तुमच्या चुलीचा. ती म्हणाली, घर तुमच्या नावाचं. दरवर्षी दसरा झाला की हे सुरू व्हायचं आणि लक्ष्मीपूजनापर्यंत दोघंही थकायचे. कांचन एसटीत वाहक. तिकीट आता यंत्र काढायचं, गाडी विजेवर चालायची, पण प्रवाशांची भांडणं सोडवायला यंत्र निघालं नव्हतं म्हणून महामंडळानं वाहक ठेवले होते. अशा बाईशी भांडणात जिंकणं काकाजींना जमणारं नव्हतं. शेवटी करार नवा करताना त्यांनी स्वतःच्या हातानं समासात एक ओळ लिहिली: घर सोडताना भाडेकरूने सर्व भिंती नीट खरवडून, स्वखर्चाने रंग देऊन घर परत करावे. खरवडून हा शब्द त्यांनी अधोरेखित केला. जुन्या थरावर रंग फासणारे लोक त्यांना चोर वाटत. कांचननं मुकाट्यानं सही केली, कारण घर सोडायचा तिचा विचारच नव्हता.

तर रंग कोणीच दिला नाही. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तो तिसरा भिंतीत होता.

तो कोण, हे सांगायला त्या रविवारच्या आठवडाभर आधी डॉ. तबस्सुम पठाण आल्या होत्या. विद्यापीठातल्या बाई, चष्मा केसांत खोचलेला, हातात काचेच्या नळ्या. महापालिकेनं घराघरांत हवा मोजायचं एक तळहाताएवढं यंत्र बसवलं होतं. लोणाऱ्यांच्या घरातलं यंत्र बिघडलंय असं सगळ्यांना वाटत होतं, कारण ते सांगायचं की या घरातली हवा ताडोब्याच्या जंगलातल्या हवेइतकी स्वच्छ आहे. दुसरं यंत्र बसवलं, तेही तेच सांगू लागलं. तिसऱ्या यंत्रासोबत बाई स्वतः आल्या.

"हा गिलावा आमच्याच लोकांनी केला," त्या जमिनीवर मांडी घालून बसत म्हणाल्या. "यात जिवाणू झोपवलेले आहेत. ओल मिळाली की जागे होतात आणि भिंतीवर पातळ चिकट साय धरतात. हवेतली कोळशाची बारीक पूड त्या सायीला चिकटते. पुडीवर जो तेलकट अंश असतो, तो त्यांचं जेवण. बाहेर झाड जे काम करतं, ते घरात भिंतीनं करायचं, एवढीच कल्पना."

"मग बाकीच्यांच्या भिंती काहून नाही करत?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "आम्ही जिवाणूंचा अभ्यास केला, ताई. दिवाळीचा केला नाही."

पत्रकात ठळक छापलं होतं, रंग देऊ नये. पण राखाडी भिंतीवर आकाशकंदील कोण लावणार? पहिल्याच दिवाळीला सगळा लेआउट पिस्ता, मोतिया आणि गुलाबी झाला आणि रंगाखाली जिवाणू गुदमरून मेले. शहरात हजारो घरांचं तेच झालं. जिवंत राहिली ती एकच भिंत, जिच्या रंगाचा खर्च कोणी करायचा यावर दोन हट्टी माणसांचं एकमत होत नव्हतं.

बाईंनी पुढे जे सांगितलं ते कांचननं दोनदा विचारून समजून घेतलं. माणूस जिथे राहतो तिथे त्याच्या अंगावरून, श्वासातून तासाला लाखो जिवाणू सांडत असतात. ते दिसत नाहीत, निरुपद्रवी असतात, आणि प्रत्येक घरच्यांचे वेगळे. लोणाऱ्यांचे जिवाणू भिंतीवर गेले, गिलाव्यातल्यांशी त्यांचं हळूहळू जमलं. आता दोघं मिळून हवेत असं काही सोडत होते की सुजलेल्या फुप्फुसांची सूज उतरत होती.

"म्हणजे विरजणासारखं," कांचन म्हणाली.

"अगदी. फक्त या विरजणाला माणसं लागतात. प्रयोगशाळेत नेलं की मरतं."

"दुसऱ्या घरात लागेल?"

"बिनरंगाच्या भिंतीवर लागायला हवं. वेळ लागेल, त्या घरच्या माणसांशी जमेपर्यंत. पण बिनरंगाची भिंत या शहरात दाखवा मला."

देवानंद ऐकत होता. तो खाणीत डंपर चालवायचा. कोळशानं त्याची फुप्फुसं अशी केली होती की या घरात आला तेव्हा तो उशांना टेकून, बसून झोपायचा. गेली काही वर्षं तो आडवा होऊन झोपत होता, सायकलवर बाजारात जात होता. श्रेय त्यांनी अडुळशाच्या काढ्याला दिलं होतं. वर्ध्याला लग्नाला गेले की मात्र आठवड्याभरात खोकला परत यायचा, आणि त्याचा दोष वर्ध्याच्या पाण्याला लागायचा.

आता चूक झाली ती कांचनची. एवढी बातमी पोटात ठेवायची, तर तिनं ती चंद्रपूर ते गडचिरोली गाडीत सांगितली, जाताना आणि येताना. संध्याकाळपर्यंत ती ठेंगण्यांच्या ओसरीवर पोचली होती.

---

"देऊन टाकू," देवानंद त्या रात्री जेवताना म्हणाला. "लेकराचा जीव आहे, कांचन."

"अन् तुमचा?"

"माझं काय, अर्धं झालं आहे."

कांचननं ताटलीवरून हात उचलला. तिला राग आला तो त्याच्यावर नव्हताच. या घराआधी त्यांनी चार घरं सोडली होती, आणि चारही मालकांची गरज अगदी खरी होती. एकाला मुलाचं लग्न करायचं होतं. तो मुलगा अजून बिनलग्नाचा फिरतो. एकाला गावाकडून म्हातारी आई आणायची होती. आईच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं. तिसऱ्याला घर पाडून बांधायचं होतं, ते आजही उभं आहे. चौथ्यानं तर कारणही शोधलं नाही, म्हणाला, बदल म्हणून. दरवेळी तीच जुनी खोकी, तोच टेम्पो, आणि दरवेळी देवानंदचं तेच वाक्य, जाऊ दे, देऊन टाकू. भाडेकरूची गरज मात्र कधी कोणी खरी म्हणून मोजली नव्हती.

"या खेपेस गरज खोटी नाही," ती म्हणाली. "मले माहीत आहे. पण आपली बी खोटी नाही. दोन खऱ्या गरजा असल्या तं ज्याच्या नावाचा सातबारा त्याची मोठी, असं नाही होत."

"मग काय करशील?"

"नाही म्हणीन. आजवर म्हणूनच पाहिलं नाही कधी."

---

भाडे अधिकाऱ्यांच्या कचेरीत सुनावणी होती. नव्या कायद्यानं दहा वर्षांच्या वर राहिलेल्या भाडेकरूला नुसत्या नोटिशीनं काढता येत नव्हतं. मालकाची गरज खरी असावी लागे, आणि दोघांचीही खरी निघाली, तर जास्त हाल कोणाचे ते अधिकाऱ्यानं तोलायचं. अधिकारी तरुण बाई होत्या, टेबलावर फायलींपेक्षा पाण्याच्या बाटल्या जास्त. ठेंगण्यांनी वकील आणला होता. कांचननं खाकी गणवेश घातला होता, कारण दुपारची गाडी होती.

वकिलांनी अन्वीचे दवाखान्याचे अहवाल ठेवले. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मग डॉ. पठाणांना विचारलं गेलं.

"लोणारे निघून गेले तर भिंत किती टिकेल?"

"काही आठवडे. नव्या माणसांशी जमण्याआधीच ती मरेल असं मला वाटतं. भिंतीला तिची माणसं लागतात."

ठेंगण्यांचा चेहरा पडला. वकिलांचा पडला नाही. वकील त्यासाठीच असतात. ते घसा साफ करून म्हणाले, "मग उपाय सोपा आहे. घर मालकाचं, भिंत मालकाची. श्री. लोणारे यांनी रोज काही तास तिथे येऊन बसावं. योग्य तो मोबदला देण्याची माझ्या अशिलाची तयारी आहे."

देवानंद मान खाली घालून बसला होता. कांचननं त्याच्याकडे पाहिलं आणि तिची कानशिलं तापली.

"माणूस आहे माझा," ती म्हणाली. "नळाची तोटी नाही, घरासंगं द्यायले. त्यानं दिवसा तुमच्या भिंतीले श्वास द्यायचा अन् रात्री कुठं जाऊन खोकायचं, ते बी सांगा ना वकीलसाहेब."

अधिकारी बाईंनी तिला हातानं थांबवलं. आवाज चढला नव्हता त्यांचा, उलट थकलेला होता. "लोणारेताई, तो प्रस्ताव मी मान्य करणार नाही. पण भिंत मरेलच असं डॉक्टरही खात्रीनं म्हणत नाहीत, आणि समोर लहान मूल आहे. प्रौढ माणसाला दवाखान्यात उपचार मिळू शकतात. मला निकाल द्यावा लागेल, आणि तो कोणत्या बाजूला झुकतोय ते तुम्हाला दिसतंय. घर सोडायची तुमची तयारी आहे का?"

"आहे," कांचन म्हणाली.

देवानंदनं वर पाहिलं. ठेंगण्यांनीही.

"करारात लिहिलं तसं सोडते. सगळ्या भिंती नीट खरवडून, अन् रंग देऊन."

अधिकारी बाईंनी करार उघडला. समासातली ओळ वाचली, परत वाचली. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं," ठेंगणे म्हणाले.

"ही अट माझ्या अशिलाच्या फायद्याची आहे," वकील घाईनं म्हणाले. "ते ती सोडून देतात."

"करार दोघांचा आहे. सोडायचा तं दोघांच्या सहीनं सोडा," कांचन म्हणाली. "अकरा वर्षं दर दिवाळीले मले ऐकवलं यांनी, रंग तुझा, रंग तुझा. हव, माझा. आता देते मी रंग. पहिल्यांदा काकाजींचं ऐकून राहिली तं कोर्टात उभं करता काय?"

अधिकारी बाई हसू आवरण्यासाठी बाटलीतलं पाणी प्यायल्या. वकिलांचं म्हणणं बरोबर असू शकेल, कांचनचंही असू शकेल, निकाल राखून ठेवते, तोवर आपसात मिटत असेल तर बघा, असं त्यांनी लिहून घेतलं.

जिन्यात ठेंगण्यांनी तिला गाठलं. "लेकराच्या जिवावर उठलीस तू," ते म्हणाले. "माझ्या भांडणाचा सूड तिच्यावर कायले काढतेस?"

गडचिरोलीच्या गाडीत त्या दिवशी दोन बायांची जागेवरून जुंपली, तर तिनं सोडवायला तोंडही उघडलं नाही.

---

तरी पुढच्या रविवारी तिनं रंगाचे डबे आणले. मुद्दाम घराबाहेर, रस्त्यावर मांडले, सगळ्या लेआउटला दिसतील असे. पेंटर बोलावला. तो खरवडायची पत्री घेऊन आला, भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "बाई, ही तं चांगली आहे," तर कांचननं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि सांगितलं, मी सांगीन तेव्हा सुरू कर.

"तू खरवडणार नाहीस," देवानंद म्हणाला.

"खरवडीन."

"माह्यासाठी लेकराचा श्वास तोडशील तं या भिंतीत मी श्वास घेणार नाही. सांगून ठेवतो."

तो इतकं एका दमात बोलला. पूर्वी त्याला दोन शब्दांमध्ये थांबावं लागायचं. हे तिच्या लक्षात आलं आणि तिचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीही ती हटली नाही. आपण खरंच खरवडणार आहोत की नाही हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की ती नरम आहे असं एकदा दिसलं की टेम्पो दाराशी लागतो.

डब्यांची बातमी गेली. ठेंगणे आले ते जवळजवळ पळत, अन्वीला खांद्यावर घेऊन. पंचाहत्तरीचा माणूस, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. ते नेहमीसारखे चपलांसकटच आत घुसले आणि पोरीला भिंतीशी बसवून म्हणाले, "आता कर सुरू. हिच्यासमोर कर."

अन्वी भिंतीला टेकली. दोन वेण्या, निळा मास्क हनुवटीखाली ओढलेला. दर श्वासाला तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, आणि ती ते इतकं सवयीनं करत होती की चेहऱ्यावर त्रास असा दिसतही नव्हता. तिनं कांचनच्या खाकी गणवेशाकडे पाहिलं, जो दोरीवर वाळत होता.

"तुमची गाडी... कुठे जाते?" तिनं विचारलं. चार शब्दांत मधेच श्वासासाठी थांबून.

देवानंद असाच बोलायचा. अगदी असाच.

कांचन तिच्याजवळ खाली बसली. "गडचिरोलीले. वैनगंगेच्या पुलावरून जाते. पाहिली का वैनगंगा?"

पोरीनं मान हलवली. तिला शाळा आणि दवाखान्यापलीकडे कोणी नेलंच नव्हतं. कांचन तिला पुलाबद्दल सांगत राहिली, पुलावर बसणाऱ्या माकडांबद्दल, तिकीट नको म्हणून छतावर चढलेल्या एका माकडाबद्दल. ठेंगणे उभे. पेंटर दारात. देवानंदनं पंखा बंद केला, कारण डॉ. पठाणांनी सांगितलं होतं, वारा नसला की भिंत हवा नीट गाळते. तास गेला असेल. पोरीचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. मग ती भिंतीलाच टेकून झोपली, तोंड मिटून. ठेंगणे तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

कांचन उठली. पेंटरला म्हणाली, "जा बाप्पा, आज काम नाही."

ठेंगण्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग घर..."

"घर नाही."

"म्हणजे?"

"पोरगी ठेवा. घर नाही मिळणार."

त्यांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते ताठ झाले. "माझी नात भाडेकरूच्या घरी राहील?"

"तुमच्याच घरात राहील. माझ्याजवळ. भिंतीले आम्ही लागतो, पोरीले भिंत लागते, तं पोरगी इथं अन् आम्ही बी इथं. यात तुमची जागा तेवढी नाही बसत, काकाजी. तिची आई येऊन राहो, देवघरासमोरची खोली देते. शाळा सुटली का ये, सकाळी जा, काय वाटन ते करा. एक पैसा घेणार नाही मी त्याचा."

"अन् किती दिवस असं चालणार?"

"तुमच्या घराची भिंत तयार होईपर्यंत."

तिनं स्वयंपाकघरातून वाटी आणली, उलथनं आणलं. दाराआडच्या कोपऱ्यात, जिथे साय सगळ्यात दाट होती, तिथून तिनं हलक्या हातानं थोडी खरवडून वाटीत घेतली. ठेंगण्यांचा हात आपोआप पुढे आला. "भिंतीले..."

"अट तुमचीच आहे," ती म्हणाली. "खरवडून म्हणूनच लिहिलं ना तुम्ही. तळाशी रेघ मारून."

शिळ्या पेजेत ती साय कालवून तिनं वाटी त्यांच्यापुढे धरली. "विरजण आहे. घराले लावा. पण आधी रंग काढा."

ठेंगण्यांच्या बंगल्याला आतून गेल्याच वर्षी नवा रंग दिला होता. नागपूरहून कारागीर आणून, वाळूसारखा खरखरीत, उजेडात चमकणारा. ते पाहुण्यांना हात लावून बघायला सांगायचे. अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. पण पाय धरणं सोपं, आपल्या हातानं आपला रंग खरवडणं जड. ते वाटीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी झोपलेल्या अन्वीकडे पाहिलं.

"नोटीस?" कांचननं विचारलं.

"घेतो परत," ते म्हणाले. वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

ते गेल्यावर देवानंद म्हणाला, "मले माहीत होतं. तू खरवडली नसती."

"खरवडली असती," कांचन म्हणाली. यावरून त्या दोघांचं आजही एकमत नाही.

---

ओट्यावर बसून पेंटरनं सगळं पाहिलं होतं, तेव्हा गोष्ट लपण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून लेआउटमधल्या बाया वाट्या घेऊन येऊ लागल्या. त्यात भाडेकरू जास्त. ठेंगण्यांच्या वकिलांनी निरोप पाठवला की भिंतीवरचं जे काही आहे ते मालकाच्या मालकीचं आहे, वाटता येणार नाही. कांचननं उलट निरोप दिला, विरजणाले कोणी नाही म्हणत नाही, तुमाले पाहिजे असन तं तुमी बी वाटी घेऊन या. वकीलसाहेब आले नाहीत, पण त्यांची बायको आली.

सगळीकडे ते लागलं नाही. काहींनी रंग नीट काढला नव्हता, काहींच्या भिंतीवर नुसती बुरशी आली. डॉ. पठाण घराघरांतून नळ्या भरत फिरत होत्या आणि कुठे साय धरलेली दिसली की रस्त्यातूनच कांचनला फोन करत होत्या. पण भाडेकरूंनी एक गोष्ट पक्की धरली. भिंत जगवायची तर तिची माणसं हलवता येत नाहीत, हे डॉ. पठाणांच्या साक्षीमुळे आता कचेरीतल्या कागदावर होतं. त्या वर्षी लेआउटमध्ये घर रिकामं करायच्या नोटिसा फारशा निघाल्याच नाहीत.

ठेंगण्यांच्या बंगल्याचा रंग निघायला पूर्ण हिवाळा गेला. मजूर नीट खरवडत नाहीत म्हणून शेवटी ते स्वतःच शिडीवर चढले. येणारे जाणारे खिडकीतून बघत, आणि कोणी विचारलं तर ते रागानं म्हणत, "नीट खरवडल्याशिवाय काही धरत नाही."

अन्वी शाळा सुटली की लोणाऱ्यांकडे यायची. देवानंदनं तिला पत्रावळी टाचायला शिकवलं. एकदा कांचननं तिला ड्यूटीच्या गाडीत बसवून वैनगंगेच्या पुलापर्यंत नेलं. परत आल्यावर ती माकडांबद्दल एवढं बोलली की मधे थांबायचं विसरून गेली.

त्या संध्याकाळी कांचन भाजी फोडणीला टाकत होती. दाराची कडी वाजली. तिला वाटलं, कोणी वाटी घेऊन आलं असेल. "दार उघडंच आहे," ती आतूनच ओरडली.

कोणी आत आलं नाही. कडी परत वाजली.

तिनं मान वळवून पाहिलं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर मुरलीधरजी ठेंगणे उभे होते, हात खरवडलेल्या रंगाच्या पुडीनं पांढरे, चपला बाजूला एकीशेजारी एक काढून ठेवलेल्या.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

कांचननं गॅस बारीक केला. पदराला हात पुसले, आणि मुद्दाम जरा वेळ लावला. अकरा वर्षं तिनं वाट पाहिली होती, त्यांनी क्षणभर पाहिली तर काही बिघडणार नव्हतं.

मग ती म्हणाली, "या."